भात-भाकरीवर राहूनही टीटीजी उतरत नाही : कोकणातल्या घरात गव्हाचा अंश कोठून येतो?

कोकणात एखाद्या घरी सिलिअॅक आजाराचे, म्हणजे गहू, बार्ली, राय यांतल्या ग्लुटेन या प्रथिनामुळे लहान आतड्याच्या अस्तराला इजा होणाऱ्या आजाराचे, निदान झाले की सुरुवातीच्या धक्क्यानंतर घरच्यांना थोडा दिलासाही वाटतो. चपाती, पाव आणि बिस्किटे बंद होणार हे खरे, पण भात, पेज, तांदळाची भाकरी, घावन, आंबोळी, नाचणी, कुळथाची पिठी, मासे आणि नारळ एवढे सगळे ताटात शिल्लक राहते. पुढे सहा-आठ महिन्यांनी रक्ताची तपासणी होते, तेव्हा या आजारात रक्तात वाढणाऱ्या टीटीजी प्रतिपिंडांचा आकडा अपेक्षेइतका उतरलेला नसतो. मूल पुन्हा पोट धरून बसते, हिमोग्लोबिन वाढत नाही, वजन जागचे हलत नाही. डॉक्टर गव्हाबद्दल विचारतात आणि घरचे माणूस खरेपणाने सांगते की गव्हाचा कणही दिलेला नाही. काही महिने गेले की हेच पुन्हा घडते, आणि मग कुणी मुलावर चोरून खाल्ल्याचा संशय घेते, तर कुणी निदानावरच.

या दोन्ही संशयांच्या आधी पिठाचा माग काढावा, असे माझे ठाम मत आहे. आपल्याकडे गहू ताटात उघडपणे फारसा येत नाही. तो तांदळाच्या, नाचणीच्या आणि कुळथाच्या कोरड्या पिठातून, न दिसता येतो. म्हणून 'गव्हाचा पदार्थ कोणता खाल्ला' या प्रश्नाला इथे सहसा उत्तर सापडत नाही. 'हे पीठ कोठे दळले, कोणत्या चाळणीतून गेले आणि कोणत्या डब्यात राहिले' असे विचारले तर सापडते.

अंश किती लहान असतो हे समजल्याशिवाय घरातल्या इतरांना ही काळजी अतिरेकी वाटत राहते, म्हणून थोडा हिशेब मांडतो. आंतरराष्ट्रीय कोडेक्स मानकानुसार आणि भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाच्या नियमांनुसार ज्या पदार्थात एका किलोमागे २० मिलिग्रॅमपेक्षा जास्त ग्लुटेन नाही, त्यालाच 'ग्लुटेन-फ्री' म्हणता येते. गव्हाच्या पिठात ढोबळमानाने दहावा हिस्सा ग्लुटेन धरला, तर एक ग्रॅम कणकेत सुमारे १०० मिलिग्रॅम ग्लुटेन असते. याचा अर्थ, पाच किलो तांदळाच्या पिठात केवळ एक ग्रॅम कणीक मिसळली तरी ते पीठ त्या मर्यादेच्या काठावर पोहोचते. शरीराच्या बाजूने पाहिले तर दिवसभरात १० मिलिग्रॅमच्या आतले ग्लुटेन बहुतेक रुग्णांना सोसते असे मानले जाते, आणि रोज ५० मिलिग्रॅम ग्लुटेन तीन महिने पोटात गेले तर आतड्याच्या अस्तराला इजा होते, असे इटलीतील संशोधकांनी २००७ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात दिसले. पन्नास मिलिग्रॅम म्हणजे अर्धा ग्रॅम कणीक. गव्हाचा एक दाणा साधारण ४० मिलिग्रॅम वजनाचा असतो आणि त्यात चारेक मिलिग्रॅम ग्लुटेन असते, तेव्हा एकाच माणसाच्या वाट्याला आलेल्या आमटीत गव्हाचे तीन दाणे शिजले तरी दिवसाची मर्यादा ओलांडली जाते. भाजल्याने, तळल्याने किंवा उकळल्याने ग्लुटेन नष्ट होत नाही, हेही इथेच सांगितले पाहिजे, कारण 'कढईत सगळे जळून जाते' असे अनेकांना मनापासून वाटते.

गिरणी

हा हिशेब घेऊन आपल्या गावच्या गिरणीत उभे राहिले म्हणजे प्रश्न कोठे आहे ते समजते. गिरणीच्या दोन दगडांच्या मध्ये, पीठ बाहेर पडते त्या कापडी बाहीत आणि वरच्या पत्र्याच्या चाड्यात आधीच्या दळणाचे पीठ राहतेच. समजा आधीच्या गव्हाच्या दळणातले १०० ग्रॅम पीठ यंत्रात अडकले होते आणि ते आपल्या पाच किलो तांदळाच्या पिठाबरोबर बाहेर आले. त्या पिठात किलोमागे सुमारे २००० मिलिग्रॅम ग्लुटेन झाले, म्हणजे मर्यादेच्या शंभरपट. हे पीठ रंगाने, वासाने किंवा चवीने ओळखू येत नाही. भाकरी नेहमीसारखीच थापली जाते, मोदकाची पारी नेहमीसारखीच वळते, आणि म्हणूनच घरच्यांचा या पिठावर कधी संशय जात नाही.

यावर सगळीकडे सुचवला जाणारा उपाय म्हणजे 'सकाळचे पहिले दळण आपले घाला'. तो पुरेसा नाही, कारण आदल्या संध्याकाळचे शेवटचे दळण गव्हाचे असेल तर त्याचे पीठ रात्रभर यंत्रातच असते. दुसरा उपाय आधी किलो-दोन किलो तांदूळ दळून ते पीठ बाजूला काढण्याचा. त्याने अंश बराच कमी होतो. तो मर्यादेच्या खाली गेला की नाही हे मात्र कळत नाही. काही गिरण्यांत तांदळासाठी आणि गव्हासाठी वेगवेगळी यंत्रे असतात आणि ही सोय नक्कीच चांगली, पण दोन्ही यंत्रे एकाच गाळ्यात शेजारी चालत असतील तर हवेत उडणारी कणीक, पीठ भरण्याचा एकच सूपडा, पीठ झाडण्याचा एकच कुंचा आणि गिरणीवाल्या काकांचे तेच दोन हात, हे सगळे सामाईकच राहते. काकांचा यात काहीही दोष नाही. त्यांच्याशी वाद घालण्यापेक्षा सिलिअॅक असलेल्या माणसाचे दळण सामाईक गिरणीतून कायमचे काढून घेणे हाच मला एकमेव खरा उपाय वाटतो.

सुदैवाने आपल्या स्वयंपाकात यासाठी लागणारी रीत आधीपासून आहे. घावन आणि आंबोळी ही दोन्ही कोरड्या पिठाशिवाय होतात. घावनासाठी तांदूळ आणि आंबोळीसाठी तांदूळ व उडीद भिजवून घरच्या मिक्सरमध्ये किंवा रगड्यावर वाटले की गिरणीचा संबंध पूर्ण सुटतो. आंबोळीच्या तयार पिठात काही घरी गहूही घालतात, तेव्हा ते पीठ शेजारून किंवा दुकानातून आणू नये. कुळथाची पिठी हा आपल्याकडचा रोजचा आधार, आणि गिरणीतून येणाऱ्या पदार्थांत मला सर्वांत घातक वाटतो तोही हाच, कारण दळण लहान असते आणि गव्हाच्या मोठ्या दळणानंतर घातलेल्या एक-दीड किलो कुळथाच्या वाट्याला यंत्रात अडकलेली सगळी कणीक येते. कुळीथ निवडून, भाजून घरच्याच मिक्सरमध्ये थोडे थोडे दळावेत. पिठी किंचित भरड होते, पण पिठल्याला चालते. नाचणीचे सत्त्व भिजवून, वाटून, गाळून, वाळवून घरी करण्याची पद्धत आहेच. भाकरीच्या आणि मोदकाच्या पिठासाठी तांदूळ धुऊन सावलीत वाळवून मिक्सरमध्ये दळावेत आणि बारीक जाळीच्या नव्या चाळणीतून चाळावेत, किंवा परवडत असेल तर घरघंटी घ्यावी. घरघंटी नवीच घ्यावी आणि तिच्यात घरातल्या इतरांचा गहू एकदाही दळू नये. पूर्वी गहू दळलेली जुनी घरघंटी कितीही झाडली तरी मी तिच्यावर विसंबणार नाही. माळ्यावरचे जुने जाते उतरवण्याचा विचार असेल तर त्यावर काय काय दळले जाई ते आधी घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारावे. जात्याच्या खाचांत अडकलेले पीठ निघता निघत नाही.

पावसाळ्यात दमट हवेमुळे पीठ लवकर कुबट होते, म्हणून एकदम साठा करता येत नाही आणि घाईच्या वेळी पुन्हा गिरणीकडे पाय वळतात. ज्यांचे टीटीजी पावसाळ्यानंतरच्या तपासणीत चढलेले दिसते त्यांनी हे कारण तपासून पाहावे. जूनपूर्वी पीठ साठवण्याऐवजी तांदूळ निवडून, कोरडे करून साठवावेत आणि आठवड्याला लागेल तेवढेच दळावे.

तांदूळही निवडूनच घ्यावा लागतो. शिधावाटप दुकानात गहू आणि तांदूळ अनेकदा एकाच काट्यावर, एकाच घमेल्याने तोलले जातात आणि गव्हाचे चुकार दाणे तांदळात येतात. उकड्या तांदळाच्या रंगात ते चटकन दिसत नाहीत. पूर्वी गहू न पाखडलेल्या स्वच्छ सुपात, उजेडाला बसून निवडावे आणि मग दोन-तीन पाण्यांनी धुवावेत, म्हणजे दाण्यांवर बसलेली पिठाची धूळही जाते. दळायच्या तांदळाबाबत तर हे टाळूच नये, कारण वरच्या हिशेबाने पाच किलोत २५ दाणे गेले तरी एक ग्रॅम गहू होतो. डाळी आणि कडधान्ये यांनाही हाच नियम लावावा.

हिंग आणि पाकिटे

गिरणीच्या खालोखाल हिंगाचा क्रम लागतो. बाजारातला बांधणीचा हिंग शुद्ध नसतो. मूळ हिंग फार उग्र असल्यामुळे त्यात डिंक आणि पीठ मिसळतात आणि हे पीठ बहुधा गव्हाचे असते. खडा हिंग घेतला म्हणजे सुटलो असेही नाही, कारण खडेही पीठ घालून बांधलेले असू शकतात. चिमूटभर हिंग म्हणजे ०.२ ग्रॅम आणि त्यात निम्मा मैदा धरला, तर एका भांड्यातल्या आमटीत सुमारे १० मिलिग्रॅम ग्लुटेन जाते आणि चार माणसांत प्रत्येकाच्या वाट्याला अडीच मिलिग्रॅम येते. एका वेळेपुरते हे थोडे वाटते, पण सकाळची भाजी, दुपारची आमटी, कोकमाचे सार, ताक आणि रात्रीची उसळ अशी बेरीज केली तर दिवसाची सगळी मुभा एकट्या हिंगाने संपते. तांदळाच्या पिठात बांधलेला हिंग मिळतो. डबीवरचे घटक वाचून तोच घ्यावा आणि घरात सर्वांसाठी तो एकच ठेवावा. तो मिळेपर्यंत हिंगच बंद ठेवावा आणि फोडणी लसणीची द्यावी. मासळीच्या आमटीत आपण बहुधा तिरफळ आणि कोकम घालतो आणि वाटण नारळाचे असते, त्यामुळे ती या बाबतीत डाळीच्या आमटीपेक्षा सुरक्षित असते, ही गोष्ट मला फार उपयोगाची वाटते.

वर्षाचा मालवणी मसाला उन्हाळ्यात डंकावर कुटून आणतात. हा डंक अनेक ठिकाणी पिठाच्या गिरणीच्याच गाळ्यात असतो, तेव्हा त्या घरापुरता मसाला मिक्सरमध्ये केलेला बरा.

पाकिटबंद पदार्थांच्या बाबतीत कायदा आपल्या बाजूने आहे. गहू, राय, बार्ली आणि ओट्स यांचा पदार्थात समावेश असेल तर तशी अॅलर्जी-सूचना वेष्टनावर देणे आपल्या देशात बंधनकारक आहे. 'गव्हाचा अंश असू शकतो' अशी सूचना असलेले पीठ घेऊ नये. सूचना नाही म्हणून ते पीठ निर्धोक असेही समजू नये; पिठांच्या बाबतीत स्पष्टपणे 'ग्लुटेन-फ्री' लिहिलेलेच पाकीट घ्यावे. सर्वांत फसवणारे पदार्थ म्हणजे नाचणीची बिस्किटे, नाचणीच्या शेवया आणि 'मल्टिग्रेन' पिठे. नाचणीचे नाव मोठे असते आणि घटकांच्या यादीत गव्हाचे पीठ किंवा मैदा पहिल्या-दुसऱ्या क्रमांकावर असतो. बचत गटांच्या घरगुती मालावर घटकांची यादी पुरती नसेल तर करणाऱ्या ताईंना प्रत्यक्ष विचारावे: यात मैदा आहे का आणि पीठ कोठे दळले. त्या खरे सांगतात, पण दळणाचा प्रश्न आपण विचारल्याशिवाय त्यांच्या मनात येत नाही. कुरडया गव्हाच्या असतात हे सर्वांना माहीत असते. तांदळाच्या फेण्या त्याच कढईतल्या त्याच तेलात तळल्या जातात, तिकडे मात्र दुर्लक्ष होते.

स्टीलची आणि काचेची भांडी साबणाने नीट घासली की पुरते; त्यांचा वेगळा संच करण्याचा खर्च कुणावर लादू नये. लाकडी पोळपाट-लाटणे, चाळण, बांबूची रोवळी, शिरवळ्यांचा साचा आणि भाकरी-घावनाचा तवा मात्र वेगळे असावेत, कारण त्यांच्या रेघांत, जाळीत आणि चरबट थरात पीठ राहते. बिडाच्या तव्यावर तेल फिरवायची नारळाची शेंडी चपातीच्या तव्यावरून उचलून घावनाच्या तव्याला लावली जात असेल तर वेगळा तवा ठेवूनही काही साधत नाही. घरात चपाती होणारच असेल, तर आधी सिलिअॅक असलेल्या माणसाचे जेवण शिजवून झाकून ठेवावे आणि मगच कणकेचा डबा उघडावा.

घराबाहेरचे जेवण

खानावळीत तळलेल्या सुरमईला किंवा बोंबलाला रवा लावतात आणि हा रवा गव्हाचाच असतो. 'रवा लावू नका, तांदळाचे पीठ लावा' असे सांगून भागत नाही, कारण मासे घोळवायची परात, तवा आणि तव्यातले तेल तेच असते आणि तांदळाचे पीठही गिरणीतलेच. मालवणी वड्यांच्या पिठात बऱ्याच ठिकाणी गहू असतो, म्हणून कोंबडी-वड्यांतली केवळ कोंबडीच मागावी, आणि तीही वडे बुडवलेल्या वाटीतली नसावी. भात, माशाची आमटी, तिखले, सोलकढी एवढ्यावर पोटभर जेवता येते.

घरच्या समारंभात नाही म्हणणे याहून अवघड असते. सत्यनारायणाचा प्रसाद रव्याचा शिरा असतो, पंगतीत ज्या हाताने पुरी वाढली त्याच हाताने भात वाढला जातो, आणि गणपतीत शेजारच्या काकू मोठ्या मायेने मोदक घेऊन येतात ज्यांची पिठी गिरणीतूनच आलेली असते. 'मामी, मला सगळ्यांच्या आधी भात नि आमटी वाढा, हात धुऊन वाढा, आणि आमटीत हिंग कुठला घातलाय ते सांगा' असे पंगत बसण्याआधी स्वयंपाकघरात जाऊन सांगितले की पुढचा आग्रह टळतो. प्रसादासाठी खोबरे, केळे किंवा साखर मागून घ्यावी. कुणी नाही म्हणत नाही. 'आमच्या वेळी असले आजार नव्हते' असे म्हणणाऱ्या आजोबांना सांगण्यासारखी गोष्ट अशी, की दुसऱ्या महायुद्धाच्या शेवटच्या हिवाळ्यात नेदरलँड्समध्ये दुष्काळ पडून पाव मिळेनासा झाला तेव्हा या आजाराची मुले सुधारली आणि पाव परत आल्यावर पुन्हा आजारी पडली. विलेम डिके या बालरोगतज्ज्ञाने १९५० साली आपल्या प्रबंधात गहू आणि हा आजार यांचा संबंध दाखवून दिला. म्हणजे आजार त्यांच्या वेळीही होता.

शोधाचा क्रम

एकेक पदार्थ कमी करत बसण्यापेक्षा उलट दिशेने जावे. प्रथम घरी न दळलेले प्रत्येक पीठ, जुना हिंग, बाहेरचे मसाले, पाकिटातले सगळे आणि बाहेरचे खाणे एकदम थांबवावे आणि अख्ख्या धान्यावर राहावे: निवडून धुतलेल्या तांदळाची पेज व भात, मासे, अंडी, नारळ, भाज्या, फळे, निवडलेल्या डाळी, घरी वाटलेले घावन. रोज काय खाल्ले आणि काय त्रास झाला याची वही ठेवावी. काहींचा त्रास काही आठवड्यांतच कमी होतो, काहींना मुळात त्रास जाणवतच नाही आणि तरीही आतड्याची इजा चालू असते. म्हणून केवळ लक्षणांवर निकाल लावू नये. टीटीजी हळूहळू उतरते, त्याला महिने लागतात, तेव्हा पुढची तपासणी डॉक्टर सांगतील तेव्हाच, आणि शक्यतो त्याच प्रयोगशाळेत करावी, कारण वेगवेगळ्या किटचे आकडे एकमेकांशी ताडून पाहता येत नाहीत. आकडा उतरला की एकेक गोष्ट परत आणावी आणि दोन गोष्टी एकाच वेळी आणू नयेत. एखाद्या पिठाबद्दल शंका राहिलीच तर ग्लुटेनची एलायझा तपासणी करणाऱ्या मान्यताप्राप्त अन्न प्रयोगशाळेत नमुना देता येतो. पण तो निकाल त्या एका दळणापुरता असतो, गिरणीपुरता नसतो.

एवढे कसोशीने पाळूनही आकडा उतरला नाही किंवा जुलाब, वजन घटणे, रक्तक्षय चालूच राहिले, तर घरच्यांनी स्वतःला दोष देत आणखी पदार्थ बंद करत सुटू नये. मुलाचे ताट रिकामे होत जाणे हाही आजारच आहे. आतड्याला झालेल्या इजेमुळे दुधातली साखर न पचणे, लहान आतड्यात जिवाणूंची अवाजवी वाढ होणे, स्वादुपिंडाचे पाचकरस कमी पडणे, मोठ्या आतड्याचा सूक्ष्म दाह, थायरॉईडचा विकार अशी इतर कारणे असतात आणि त्यांच्यासाठी वेगळ्या तपासण्या आहेत. क्वचित प्रौढ रुग्णांत आहाराला दाद न देणारा सिलिअॅकही असतो. पोटविकारतज्ज्ञांकडे जाताना जेवणाची वही, सर्व जुने टीटीजी अहवाल, निदानाच्या वेळचा बायोप्सीचा अहवाल आणि रोजच्या औषधांची वेष्टने सोबत न्यावीत, आणि पीठ कोठे दळले जाते हे त्यांनी विचारले नाही तरी आपण होऊन सांगावे.